भिंतीतल्या एल्बोचे आटे गेले, नळ ठिबकतोय: टाइल फोडायची की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमध्ये तीसेक वर्षं जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. बाथरूममध्ये जुन्या टाइलवरच नव्या टाइल चिकटवून घेतल्या, नळही नवे लावले. तेव्हापासून एक नळ चकतीच्या, म्हणजे नळाच्या मुळाशी भिंतीला टेकणाऱ्या गोल झाकणीच्या, मागून ठिबकतोय. टेफ्लॉन टेप वाढवून वाढवून पुन्हा बसवला, फरक नाही. एक प्लंबर म्हणाला, आतल्या एल्बोचे, म्हणजे भिंतीतला पाइप वळून नळाला जोडला जातो त्या तुकड्याचे, आटे गेलेत, टाइल फोडून एल्बो बदलावा लागेल. शेजारचे म्हणतात, एम-सील भरा आणि विसरून जा. त्यात आता खालच्यांच्या छताला ओल दिसायला लागली आहे, म्हणून घाई.

मी आधी भोसरीत वर्कशॉपमध्ये आटे पाडण्याचं काम करायचो, नंतर प्लंबिंगमध्ये आलो. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दोन्ही बाजूंनी आलेला आहे. आटे दुरुस्त होतात का, याचं उत्तर हो असंच आहे. पण त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी, ती म्हणजे तुमचे आटे खरंच गेलेत का. तुम्ही सांगितलेल्या वर्णनावरून मला तशी खात्री वाटत नाही. टाइलवर टाइल बसवली या एका वाक्यात बहुतेक उत्तर दडलेलं आहे. त्याकडे येतोच.

आधी हा जोड पाणी कसा अडवतो ते बघा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. आपल्याकडे घरातल्या नळाचे आटे ब्रिटिश पद्धतीचे असतात. भारतीय मानक आयएस ५५४ त्याच पद्धतीवर आहे. अर्ध्या इंचाच्या जोडात बाहेरच्या आट्याचा व्यास २०.९५५ मिमी असतो आणि एका इंचात १४ आटे बसतात, म्हणजे एका फेऱ्याला नळ १.८१४ मिमी आत जातो. पाण्याच्या जोडाचा बाहेरचा आटा निमुळता असतो, १६ ला १ या प्रमाणात. जसजसा फिरवत जाल तसतसा तो आत पाचरीसारखा दाबला जातो, आणि आट्यांच्या उतरत्या बाजू एकमेकींवर घट्ट बसतात. तरीही आट्याच्या टोकाशी आणि तळाशी बारीक वळणावळणाची फट उरतेच. टेप, ताग, पेस्ट हे सगळं त्या फटीसाठी आहे. धातूने धातूला दाबलं तर ते साहित्य दाबलं जातं आणि मग पाणी थांबतं. धातूची पकडच नसेल तर टेपचे पंचवीस फेरे घेतले तरी त्याला मागून कोणी दाबत नाही. पाणी त्याच्या कडेने वाट काढतं.

म्हणून माझ्या मते प्रश्न कायम धातूचा असतो: किती चांगले आटे एकमेकांत गुंतलेत, आणि ते आटे ज्या धातूत आहेत तो धातू शाबूत आहे का. टेप कोणता, किती फेरे, कोणत्या कंपनीचा, हे त्याच्या नंतर.

आता तुमच्या टाइलकडे. अर्ध्या इंचाच्या निमुळत्या आट्याची उपयोगी लांबी मानकाप्रमाणे साधारण १३ मिमी, म्हणजे सात आटे. जुन्या टाइलवर नवी टाइल आणि तिच्या मागचा चिकटवायचा थर धरला तर भिंतीचा पृष्ठभाग सहज १२ ते १५ मिमी पुढे येतो. एल्बो मात्र आहे तिथेच राहिला. नव्या नळाच्या मागची आट्यांची शेपटी तेवढीच, त्यातही चकतीने थोडी जागा खाल्ली. मग एल्बोत जाऊन पोहोचतात दोन किंवा तीन आटे. दोन-तीन आट्यांवर नळ उभा राहतो, प्लंबर गेल्यावर दोन दिवस कोरडाही राहतो. रोज उघड-बंद करताना हाताचा जो झटका बसतो, त्याने तो हलतो आणि ठिबकायला लागतो. आणि प्रत्येक वेळी जोर लावून आवळल्यामुळे एल्बोच्या तोंडाचे तेच दोन-तीन आटे चिरडले जातात. मग पुढचा माणूस बॅटरी मारून बघतो, तोंडाशी आटे वाकडे दिसतात आणि तो म्हणतो, आटे गेले. तोंडाचे गेलेच आहेत. आतले बहुधा शाबूत आहेत, त्यांना कोणी अजून हात लावलेला नाही.

पण हा अंदाज आहे. खात्री करायची पद्धत सांगतो.

पहिली पायरी ओलीची. खालच्यांच्या छताची ओल याच नळाची आहे असं गृहीत धरू नका. फ्लॅटचा मुख्य कॉक बंद करा, नळ काढा, एल्बोत डमी प्लग बसवा. हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंचाचा पितळी किंवा जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) प्लग मिळतो, लांब आट्यांचा मागा. त्यावर टेप गुंडाळून तो आत नीट पोहोचेपर्यंत बसवा आणि कॉक उघडा. खाली जाऊन छतावरच्या ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारा, तारीख टाका. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी लगेच सुकत नाही, चार-पाच दिवस द्या. एल्बोचं तोंड कोरडं आणि ओल मात्र रेघेबाहेर पसरतेय, असं दिसलं तर गळती दुसरीकडे आहे: एल्बोच्या मागच्या जोडात, न्हाणीच्या जाळीपाशी किंवा टाइलच्या सांध्यांमधून. अशा वेळी या नळाचे आटे कितीही सुंदर केले तरी खालच्यांची तक्रार संपणार नाही. प्लगच्या भोवती पाणी येतंय का ते टिश्यू पेपर लावून बघा. बोटाला जो ओलसरपणा कळत नाही, तो कागदावर लगेच दिसतो.

एक साधी खूणही लक्षात ठेवा. भिंतीतल्या नळाच्या मागच्या आट्यावर दाब चोवीस तास असतो, नळ बंद असला तरी. म्हणून तिथली गळती रात्रभर चालू राहते. शॉवर चालू केल्यावरच थेंब येत असेल तर गळती शॉवरच्या दांडीच्या जोडात आहे, कारण तिथे पाणी तेव्हाच पोहोचतं.

दुसरी पायरी म्हणजे एल्बो कशाचा आहे ते ओळखणं. यावर पुढचं सगळं अवलंबून आहे आणि हे मी इथून सांगू शकत नाही. तोंडाशी छोटं चुंबक लावा. चिकटलं तर लोखंडी, जीआयचा. तुमच्या इमारतीचं वय बघता तीच शक्यता जास्त. चिकटलं नाही आणि पिवळं दिसलं तर पितळ. पिवळ्या कड्याभोवती फिकट मळकट रंगाचं प्लॅस्टिक दिसलं तर तो सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिक पाइपचा, एल्बो आहे, आत पितळी चूड (आट्यांचं कडं) बसवलेली असते. मधे कधी पाइपलाइन बदलली असेल तर हाच निघेल.

मग तोंड साफ करा. जुन्या टेपचे तुकडे टाचणीने आणि जुन्या टूथब्रशने काढा. तुमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी टाकीत येत असेल तर आट्यात पांढरट कडक थर सापडेल. आपल्याकडचा खडक काळा बेसाल्ट, त्यातलं भूजल बऱ्याच ठिकाणी क्षारांचं, आणि खडकवासल्याच्या पाण्यापेक्षा ते जास्त थर सोडतं. हा थर कित्येकदा लोकांना झिजलेल्या आट्यासारखा वाटतो. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून अर्धा तास तोंडात ठेवा, थर मऊ पडतो. संडास साफ करायचं ॲसिड मात्र तिथे घालू नका, ते जीआयवरचा जस्ताचा थर खातं आणि नळाच्या क्रोमचीही वाट लावतं.

साफ झाल्यावर बॅटरी तिरकी धरून बघा, समोरून नको. तिरक्या उजेडात प्रत्येक आट्याची सावली पडते आणि कुठला आटा चपटा झालाय, कुठे तुटलाय ते स्पष्ट दिसतं. टूथपिकचं टोक आट्यातून वळणावळणाने आत फिरवत न्या. जिथे ते घसरून शेजारच्या खाचेत जातं, तिथे आटा गेलेला आहे. तोंडापासून आत मोजत जा. पहिले दोन-तीन गेलेत आणि पुढे चार-पाच चांगले आहेत, असं निघालं तर आनंदाची गोष्ट आहे.

रंगही बघा. पितळी एल्बोत आट्यांची कडा गुलाबी, तांब्यासारखी आणि भुसभुशीत दिसत असेल, टाचणीने खरवडल्यावर चुरा निघत असेल, तर पितळातलं जस्त पाण्याने खाऊन टाकलंय. उरलंय ते सच्छिद्र तांबं. त्यात कितीही सुबक आटे पाडले तरी पकड राहणार नाही. तो एल्बो बदलायचा, वाद नाही. जीआयमध्ये खवले निघणारा गंज आणि आट्यांच्या जागी खड्डे दिसले तरी तेच. तोंडावर केसासारखी उभी चीर असेल तरीही तेच. चीर बघण्यासाठी तोंड पूर्ण कोरडं करून त्यावर खडूची पूड चोळा आणि डमी प्लग बसवून, मुख्य कॉक जरासा उघडून एल्बोत पाणी येऊ द्या. चिरेवर खडू ओला होऊन गडद रेघ उमटते.

तिसरी तपासणी हाताची. चांगला नवा पितळी निपल, म्हणजे बाहेरून आटे असलेला पाइपचा छोटा तुकडा, घ्या, टेप न लावता हाताने एल्बोत फिरवा. तीन-चार फेरे हाताने जाऊन तो थांबला आणि पुढे पान्याने एक-दीड फेरा घट्ट होत गेला, तर आतले आटे उत्तम आहेत. हातानेच शेवटपर्यंत गेला आणि डगडगतोय, तर आटे झिजलेत. पहिल्याच फेऱ्याला तिरका अडकला तर तोंड बिघडलंय. जबरदस्ती करू नका.

इथे एक शक्यता मधेच सांगून ठेवतो, कारण पुण्यात ती हमखास भेटते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते, तिकडून सुंदर शॉवर येतो. तिकडचे आटे वेगळ्या पद्धतीचे. अर्ध्या इंचाला तिकडेही इंचाला १४ च आटे असतात, त्यामुळे तो आपल्या जोडात फिरतो आणि बसल्यासारखा वाटतो. पण आट्याचा कोन आपल्याकडे ५५ अंश आणि तिकडे ६० अंश, आणि व्यासही थोडा जास्त. असा जोड जोर लावून आवळला की गळतोच आणि आपल्या बाजूचे आटेही खराब करून जातो. तुमचा नळ इथलाच असेल तर हा मुद्दा सोडून द्या. बाहेरून आलेली वस्तू असेल तर मधे बदलाचा अडॅप्टर हवा, टेप नव्हे.

आता दुरुस्ती. तोंडाचे आटे चिरडलेत आणि आतले चांगले आहेत, हे गृहीत धरून आधी सांगतो, कारण तुमचं तेच निघेल असं वाटतं.

तोंडाचे आटे सरळ करायला अर्ध्या इंचाचा बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचा, टॅप लागतो (नळ नव्हे, आतले आटे पाडायचं हत्यार). रविवार पेठेत बोहरी आळीत हत्यारांच्या दुकानांतून मिळतो. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात वापरलेलाही मिळतो, पण त्याच्या धारा बोथट नाहीत ना ते नखावर घासून बघा. घेताना समांतर आट्याचा घ्या, निमुळत्या आट्याचा नको. निमुळता टॅप जितका आत जाईल तितकं तोंड मोठं करतो. १६ ला १ च्या हिशेबाने एका फेऱ्याला व्यास सुमारे ०.११ मिमी वाढतो. कारखान्यात ते हवं असतं. इथे मात्र आपल्याला धातू काढायचा नाही, वाकलेला आटा परत रांगेत आणायचा आहे. दुसरं, एल्बोची मागची भिंत जवळ असते. लांब टोकाचा पहिला टॅप त्या भिंतीला टेकतो आणि लोक समजतात की आटे घट्ट लागतायत. तीन टॅपच्या सेटमधला शेवटचा, आखूड टोकाचा, तो वापरा. सुरुवात मात्र हाताने, हँडल न लावता, आणि चार बाजूंनी बघत. टॅप भिंतीला काटकोनात आहे का ते छोट्या गुण्याने तपासा. पहिला फेरा तिरका गेला की नवे, चुकीचे आटे पडतात आणि मग तो एल्बो खरंच गेला.

टॅप धरण्याआधी एल्बोत आत कापसाचा बोळा दोरा बांधून सरकवून ठेवा, म्हणजे धातूचा किस पाइपात जाणार नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, किस त्यात चिकटून बाहेर येतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवताना किस तुटल्याचं हाताला कळतं, एक बारीक कट् असा. खराब भाग संपला की टॅप अचानक हलका फिरायला लागतो. तिथे थांबा. पुढचे चांगले आटे उगाच कशाला कातायचे? बोळा दोऱ्याने ओढून काढा, समोर बादली धरून कॉक दोन सेकंद उघडा. उरलेला चुरा पाण्याबरोबर निघून येतो.

टॅप मिळत नसेल तर वर्कशॉपमधली जुनी युक्ती आहे. जीआयचा चांगला निपल घ्या, त्याच्या आट्यांवर हॅकसॉने लांबीच्या दिशेने तीन-चार खाचा पाडा, कडांना उठलेली धातूची धार कानशीने काढा. पितळी एल्बोचे वाकलेले आटे सरळ करायला एवढं पुरतं, कारण लोखंड पितळापेक्षा कठीण आहे. जीआयच्या एल्बोत याचा उपयोग नाही, तिथे खरा टॅपच हवा.

सीपीव्हीसीच्या एल्बोत मात्र दोन गोष्टी पाळा. ग्रीस आणि तेल लावू नका. काही तेलांनी सीपीव्हीसीला सूक्ष्म चिरा जातात आणि काही महिन्यांनी पाइप न सांगता फुटतो. साबणाचं पाणी वापरा. आणि जोर लावू नका. आतली पितळी चूड प्लॅस्टिकमध्ये फक्त बसवलेली असते, जोराने ती जागेवर फिरायला लागली की संपलं. चूड फिरतेय असं जाणवलं तर हात मागे घ्या, तो एल्बो बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

तोंड सरळ झालं की खरा उपाय: नळ आणि एल्बोच्या मधे एक्स्टेन्शन निपल. एका टोकाला बाहेरचे आटे, दुसऱ्या टोकाला आतले. अर्धा इंच, एक इंच, दीड इंच, दोन इंच अशा लांबीत मिळतो. तुम्हाला टाइलच्या पृष्ठभागापासून एल्बोच्या तोंडापर्यंत मोजून, एल्बोत पूर्ण सात आटे जातील आणि बाहेरचं तोंड टाइलच्या किंचित आत राहील असा निवडायचा आहे. म्हणजे चिरडलेल्या भागाला ओलांडून तो आतल्या ताज्या आट्यांना पकडतो आणि नळाची शेपटी त्याच्या नव्याकोऱ्या आट्यांत पूर्ण बसते. हातात घेऊन वजन बघून घ्या. हलका निघाला की मानेशी भिंत पातळ आहे, आवळताना तिथेच तडकतो. मी नेहमी जड पितळी घेतो, पन्नास-शंभर रुपये जास्त पडले तरी. भिंतीत जाणारी वस्तू स्वस्तात घेण्यात शहाणपण नाही.

आता टेप की ताग. दोन्ही बाजूंचे आटे चांगले असतील तर टेप पुरे. आट्याचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचा, पहिला आटा मोकळा सोडून, ताणून, आट्यांचा आकार वरून दिसेल असा. बारा-पंधरा फेरे बास. टेप निसरडा असतो, त्यामुळे आवळताना जोर किती लागतोय ते हाताला कळत नाही आणि पितळी एल्बो त्यानेच फुटतात. छोटा पाना वापरा, दोन फुटी पाइप पाना बाथरूममध्ये आणूच नका.

आटे थोडे झिजलेले असतील, म्हणजे निपल हाताने बराच आत जातो पण शेवटी घट्ट होतो, तर मी तागावर जास्त विश्वास ठेवतो. तागाचे धागे पातळ पसरवून आट्याच्या खाचेत आवळून गुंडाळायचे, वरून जॉइंटिंग पेस्ट. ताग पाण्याने फुगतो, म्हणून मोठी फट भरतो. दुसरा मोठा फायदा असा की नळ सरळ खाली येण्यासाठी पाव फेरा मागे घ्यावा लागला तर तागाचा जोड तेवढं सहन करतो. टेपचा करत नाही. टेपवर नळ जरा पुढे गेला की लोक मागे फिरवतात आणि तिथेच गळती सुरू होते. टेपचा जोड पुढे गेला तर पूर्ण काढा, टेप एक-दोन फेरे कमी-जास्त करून पुन्हा बसवा. पेस्ट घेताना जुना शिशाचा सफेदा नको, पिण्याच्या पाण्याला चालेल असं डब्यावर लिहिलेली घ्या.

धातूचे दोन्ही भाग असतील तर ट्यूबमधला घट्टसर आट्याचा सीलंटही उत्तम काम करतो, लॉकटाइट ५७७ सारखा. हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श मिळाला की तो आत कडक होतो. पण आटे पूर्ण कोरडे आणि तेलविरहित हवेत आणि त्याला वेळ द्यावा लागतो. कॉक नीट बंद होत नसेल आणि एल्बोत पाणी झिरपत राहत असेल तर तो लागत नाही. जुन्या इमारतींत हीच मोठी अडचण असते, गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी करून घ्या. प्लॅस्टिकला हा सीलंट वापरायचा नाही.

एम-सीलबद्दल शेजाऱ्यांचं ऐकू नका, एवढं कळकळीने सांगतो. बाहेरून भरलेलं एम-सील आतल्या पाण्याच्या दाबाने सुटतं आणि पाणी दिसायचं थांबून भिंतीत शिरतं, म्हणजे खालच्यांचं छत आणखी बिघडतं. आट्यांत भरलं तर आज थांबेल, पण पुढे कधी नळ बदलायची वेळ आली की एल्बोसकट भिंत उचकटावी लागेल. भिंतीच्या आतल्या जोडात पुन्हा न उघडणारं काहीही करू नये, हे मी कधी सोडत नाही.

कोणी सुचवेल की एल्बोचं भोक मोठं करून पाऊण इंचाचे आटे पाडा आणि मधे बुश, म्हणजे माप परत अर्ध्या इंचावर आणणारं कडं, टाका. जाड धातूत, म्हणजे बिडाच्या पंपाच्या बॉडीत, टाकीच्या जाड फ्लँजमध्ये, ही उत्तम पद्धत आहे आणि मी ती आनंदाने करतो. अर्ध्या इंचाच्या एल्बोत ती जमत नाही, त्याचं कारण हिशेबात आहे. पाऊण इंचाच्या आट्याचा बाहेरचा व्यास २६.४४ मिमी. साधारण एल्बोच्या तोंडाची कड बाहेरून मोजली तर त्याच्या आसपासच भरते. आटे पाडल्यावर धातू उरणारच नाही. कॅलिपर असेल तर मोजून बघा. बोल्टसाठी मिळणारी तारेची चूडही इथे नको. ती पकड देते, पण तारेच्या मागून पाण्याला वळणावळणाची आयती वाट मिळते.

जुन्या नळाची शेपटी तुटून एल्बोत अडकली असेल तरी लगेच फोडू नका. हॅकसॉचं पातं हाताला फडकं गुंडाळून धरा, शेपटीच्या आतून बाहेरच्या दिशेने दोन खाचा जवळजवळ पाडा, एल्बोच्या आट्याला पातं लागायच्या आधी थांबा, आणि मधला तुकडा बारीक छिन्नीने आत दुमडा. उरलेलं कडं सैल होऊन फिरून येतं. वेळ लागतो, पण टाइल वाचते.

आणि फोडावंच लागलं तर? गुलाबी पितळ, खड्डे पडलेलं लोखंड, चीर, फिरणारी चूड, यातलं काही निघालं तर फोडायचंच. पण समोरून फोडायच्या आधी भिंतीची मागची बाजू बघा. बाथरूमची भिंत बहुतेक चार इंची असते. पलीकडे पॅसेज, बेडरूम किंवा कपाटाची मागची बाजू असेल तर तिथे साधं प्लास्टर असतं. तिकडून एल्बोपाशी पोहोचता येतं, नंतर प्लास्टर आणि रंग, काम संपलं, आणि तुमच्या नव्या टाइलला धक्का नाही. समोरूनच जावं लागलं तर एकच टाइल ग्राइंडरने सांध्यातून कापून काढायची आणि मोठी चकती लावायची. तुमच्या नव्या टाइल शिल्लक असतील तर सांभाळून ठेवा. जीआयची लाइन गंजलेली निघाली तर एक एल्बो बदलून समाधान मानू नका. आवळताना पुढचा जोड हलतो आणि तो सुटतो. अशा वेळी त्या भिंतीतली लाइन बदलायचा खर्च एकदाच काढलेला परवडतो.

गिझरच्या टाकीला असलेल्या आट्यांवर यातलं काहीही करू नका, तिथे गरम पाणी दाबाखाली असतं. कंपनीच्या माणसाला बोलवा. आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या पाइपचा जोड असेल, सिलिंडरचा असो की एमएनजीएल या पाइप गॅसच्या कंपनीचा, त्याला हातही लावायचा नाही. गॅस बंद, खिडक्या उघड्या आणि त्यांना फोन.

जोड झाल्यावर तपासणी घाईत उरकू नका. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापेक्षा पाच-सहा मीटरच उंच असेल तर दाब अर्ध्या बारच्या आसपास असतो, कारण दहा मीटर उंचीला सुमारे एक बार. सोसायटीने प्रेशर पंप बसवलेला असेल तर तोच दाब दोन-तीन बारपर्यंत जातो, आणि टाकीच्या पाण्यावर कोरडा दिसलेला जोड पंप सुरू झाल्यावर ठिबकतो. म्हणून पंप चालू असताना बघा. चकती न लावता रात्रभर ठेवा, निपलभोवती टिश्यूची पट्टी बांधून. सकाळी कोरडी निघाली तर नळ वीसेक वेळा जोरात उघड-बंद करा आणि पुन्हा बघा.

मग चकती लावा. तिच्याभोवती सिलिकॉन भरताना वरची आणि दोन्ही बाजूंची कड भरा, खालची बोटभर मोकळी सोडा. पूर्ण गोल भरलं तर उद्या आत थेंब आलाच, तो तुमच्या बाथरूममध्ये दिसायच्या आधी खालच्यांच्या छतात दिसेल.